उघड्या छताची स्काऊट कार: आतलं आधी रंगवायचं की सगळं जोडून झाल्यावर?

रानवाट

नमस्कार मंडळी. आजवर मी रणगाड्यांची प्लास्टिक मॉडेलंच बनवत आलो, सगळी १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढी. झाकणं बंद करून टाकली की आत काय आहे हा प्रश्नच उरत नाही. बाहेरून रंगवायचं, चिखल लावायचा, कपाटात ठेवायचं. या वेळी पहिल्यांदाच टेहळणीची गाडी हातात घेतली आहे, ब्रिटिशांची डेमलर डिंगो, मार्क ३, म्हणजे तिची तिसरी आवृत्ती. डबा उघडला आणि लक्षात आलं की हिला छप्परच नाही. आधीच्या मार्कांना सरकतं किंवा दुमडतं छत होतं, मार्क ३ मध्ये तेही काढून टाकलं. वरून पाहिलं की थेट सीटा दिसतात.

खरी डिंगो ३.१८ मीटर लांब आणि जेमतेम दीड मीटर उंच. म्हणजे मॉडेल ९ सेंटीमीटर लांब आणि सव्वाचार सेंटीमीटर उंच, तळहातावर मावेल एवढं. या एवढ्याशा जागेत दोन माणसं, स्टिअरिंग, वायरलेस सेट, ब्रेन मशीनगनच्या मॅगझिनांचे कप्पे, असा सगळा संसार भरलेला आहे.

आतलं सगळं रंगवून, वॉश (खाचाकोपऱ्यांत बसणारा पातळ गडद रंग) देऊन मग वरचं कवच चिकटवावं, की आधी पूर्ण जोडून घेऊन वरून एअरब्रश मारावा? आतला रंग कोणता? मला १९४४-४५ ची, उत्तर-पश्चिम युरोपातली गाडी करायची आहे. आणि चिखल-धूळ-खरवडे किती दाखवायचे? रणगाड्यावर खपून जातं ते एवढ्याशा गाडीवर जास्त वाटेल अशी भीती आहे. अनुभवी लोकांनी मनमोकळं लिहावं, मी अजून गोंदाची बाटली उघडलेली नाही.

स्प्रूवाला

आतलं आधी. पण 'आधी' म्हणजे सगळ्याच्या आधी नव्हे.

सगळे भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन घ्या, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग काहीही न चिकटवता खालचा टब आणि वरचं कवच टेपने धरून बसवून बघा. फट कुठे पडते ते आत्ताच कळलं पाहिजे. आतलं रंगवून झाल्यावर पुट्टी आणि घासकागद आत घालायची वेळ आली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. फरशी, कप्पे, कंस असं जे पक्कं बसतं ते चिकटवून टाका. सीटा, स्टिअरिंग आणि वायरलेस सुटे ठेवून टूथपिकवर टोचून रंगवा.

जिथे पुढे गोंद लागणार आहे तिथे टेपची बारीक पट्टी लावूनच रंग मारा. आपलं पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोड करतं. मध्ये रंगाचा थर आला की जोड प्लास्टिकचा न होता रंगाचा होतो आणि दोन दिवसांनी टक्कन निघून येतो.

बाहेरचा रंग मारताना वरचं तोंड ओल्या टिश्यूच्या बोळ्याने बंद करा. स्पंजचा तुकडाही चालतो. बोळा कडेचा आकार आपोआप घेतो, टेपला ते जमत नाही.

मृण्मयी

वाचतेय. रुमाल टाकून ठेवते. माझीही एक उघडी गाडी याच कारणाने अडून बसली आहे.

टोकदार

स्प्रूवाला यांच्याशी मी सहमत नाही. मी आजवर चार स्काऊट गाड्या केल्या आणि चारही पूर्ण जोडून मगच रंगवल्या. उघडं तोंड मोठं असेल तर एअरब्रशची फवार आत जाते. मग लांब दांड्याच्या ब्रशने सीटा, डबे, पट्टे रंगवायचे. फायदा असा की टब आणि कवच यांचा जोड कच्च्या प्लास्टिकवर होतो, फट राहत नाही, आतला-बाहेरचा रंग एकाच हाताने मारलेला दिसतो. सुटे भाग रंगवून मग जोडायचे म्हटलं की प्रत्येक जोडाला पुन्हा रंगाचं ठिगळ लावावं लागतं.

स्प्रूवाला

टोकदार, मोठ्या गाडीला तुमचं म्हणणं लागू पडतं. अमेरिकन एम३ए१ असती तर मीही तेच सांगितलं असतं, ती १/३५ मध्ये १६ सेंटीमीटर भरते आणि मागचा सगळा कप्पा मोकळा. डिंगोचं तोंड अरुंद आहे. सीटांच्या खालची जागा आणि पुढच्या पाटीमागचा कोपरा तिथे फवार पोचतच नाही. पोचेपर्यंत हवा आत कोंडून उलट फिरते आणि रंग कोरडा होऊन खरखरीत बसतो.

खाकी

रंगाचं मी सांगतो, हा माझा आवडीचा विषय.

ब्रिटिश गाड्यांचा पायाभूत रंग आधी एस.सी.सी. २ (लष्करी रंगयादीतला क्रमांक) हा तपकिरी होता. १९४४ च्या एप्रिलमध्ये एस.सी.सी. १५ हा ऑलिव्ह ड्रॅब आला. पण हुकूम निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या हिरव्या झाल्या असं नव्हे. जुन्या तपकिरी गाड्या तशाच चालत राहिल्या, त्यामुळे एकाच तुकडीत दोन्ही रंग दाखवले तरी चूक नाही. तुमची मार्क ३ उशिराची, तिला एस.सी.सी. १५ द्या. हा रंग अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅबपेक्षा हिरवट असतो. बाटलीवर नुसतं 'ऑलिव्ह ड्रॅब' बघून घेऊ नका.

आतला रंग: बंद ब्रिटिश गाड्यांमध्ये आत चंदेरी किंवा पांढरा असे, आत उजेड राहावा म्हणून. उघड्या गाडीत मात्र बाहेरचाच रंग. कारण साधं आहे. लपून बघायला निघालेल्या गाडीचं पोट वरून चमकायला लागलं तर विमानातून पहिली तीच दिसेल.

अजून एक. ९ सेंटीमीटरच्या गाडीवर बाटलीतला रंग जसाच्या तसा मारला तर ती काळपट दिसते. त्यात थोडा फिकट पिवळसर रंग मिसळा. खोलीतल्या दिव्याखाली डोळ्याला तोच खरा वाटतो.

गुंजन

रणगाड्याच्या पट्ट्याच्या एकेक कडी जोडत बसलेल्या माणसाला चार चाकांची गाडी मिळाली म्हणजे सुट्टीच लागली की! अभिनंदन, रानवाट.

तांबडमाती

चाकांचं निघालंच आहे तर सांगतो. टायर जमिनीला टेकतो तिथे थोडा घासून सपाट करा आणि बाजूने किंचित फुगवटा द्या. गाडीला वजन आलेलं दिसतं, नाहीतर ती खेळण्यासारखी जमिनीवर तरंगते.

चिलखत७२

तांबडमाती, बाकी गाड्यांना बरोबर, डिंगोला नाही. डिंगोचे टायर जवळजवळ भरीव रबराचे होते. गोळी लागली तरी गाडी चालत राहावी म्हणून. म्हणून तर ती सुटं चाकही बाळगत नव्हती. असा टायर तीन टनांखाली फुगत नाही. तळाला अगदी केसभर सपाटी द्या, फुगवटा अजिबात नको.

रानवाट, गाडी उलटी करून बघाल तेव्हा खाली पत्रा सपाट दिसेल. डिंगोत एकच डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा संच) मध्ये होतं आणि तिथून दोन्ही बाजूंनी चाकांकडे दांडे जात. म्हणून गाडीची पाठ एवढी बुटकी ठेवता आली आणि पोट सपाट राहिलं. अडथळ्यावरून घसरत पलीकडे जायचं तर पोटाला काही अडकता कामा नये. त्या सपाट पत्र्यावर मी लांबीच्या दिशेने बारीक खरवडे देतो. कुणाला दिसणार नाहीत, पण तिथे ते असायलाच हवेत.

तांबडमाती

हे माहीत नव्हतं. मान्य. माझ्या डिंगोची चाकं फुगवून झाली आहेत, ती बदलतो.

स्प्रूवाला

चिलखतकाका लिहायला लागले म्हणजे धागा मार्गी लागला. काका, ती पाच उलट्या गिअरांची गोष्ट सांगाच.

चिलखत७२

सांगतो, आणि ती रंगकामाच्याही उपयोगाची आहे.

डिंगोला पुढे जायला पाच गिअर होते आणि मागे यायलाही पाच. शत्रू दिसला की वळण्यात वेळ न घालवता आल्या वाटेने त्याच वेगाने मागे पळता यावं, हा विचार. सुरुवातीच्या गाड्यांची तर चारही चाकं वळत. वेगात ते सांभाळणं अवघड जाई, म्हणून मार्क २ पासून फक्त पुढची चाकं वळायला लागली. ड्रायव्हरची सीटही सरळ पुढे तोंड करून नाही, थोडी तिरकी बसवलेली आहे. त्याला डाव्या खांद्यावरून मागे बघत गाडी हाकता यावी म्हणून. रानवाट, किटमधली सीट तिरकी बसायला लागली तर ती सरळ करू नका. आणि ड्रायव्हरची आकृती बसवणार असाल तर रंगवण्याआधी सीटवर बसवून बघा. सरळ बसवलेल्या आकृतीचे गुडघे स्टिअरिंगला अडतात.

आता चिखल. रणगाड्यावर चिखल मागे उडतो असं आपण धरून चालतो. ही गाडी पुढे जाते तेवढीच मागे येते. म्हणून पुढच्या मडगार्डांच्या पुढच्या बाजूलाही शिंतोडे द्या. ब्रशवर पातळ केलेला मातकट रंग घ्या, टूथपिकवरून ब्रशचे केस मागे ओढून सोडा आणि शिंतोड्यांची दिशा चाकापासून दोन्हीकडे ठेवा. डिंगो ओळखणारा माणूस ते पाहून थांबेल.

मृण्मयी

काका, दंडवत. हा प्रतिसाद वाचनखुणेत.

डिंगो हे नाव कुठून आलं? कुत्र्यावरून?

चिलखत७२

कुत्र्यावरूनच, पण नाव मुळात हिचं नव्हतं. १९३८ च्या चाचण्यांत अल्विस कंपनीची गाडी होती, तिचं नाव डिंगो. निवड बी.एस.ए.च्या गाडीची झाली, ती डेमलरने बनवली, आणि हरलेल्या गाडीचं नाव जिंकलेलीला चिकटलं. पुढे अशा ६,६२६ गाड्या झाल्या.

जाळीदार

मी सध्या जर्मन एस.डी.के.एफ.झेड. २२२ करतोय. तिलाही वर छप्पर नाही, पण उघड्या बुरुजावर हातबॉम्ब अडवायला तारेच्या जाळीच्या दोन झडपा आहेत. किटमधली प्लास्टिकची जाळी जाड आहे आणि तिला आरपार भोकं नाहीत. फोटोएच (रसायनाने कोरलेले पातळ पितळी भाग) घेतलं, पण पितळेचा पत्रा वाकवताना फ्रेम दर वेळी कमानीसारखी होते. कुणाला यावर उपाय माहीत आहे?

स्प्रूवाला

वाकवण्याआधी पत्रा मेणबत्तीच्या किंवा लायटरच्या ज्योतीवर क्षणभर धरा. रंग बदलला की बाजूला घ्या आणि आपोआप गार होऊ द्या. पितळ मऊ होतं आणि जिथे वाकवाल तिथे राहतं. सरळ घडी मात्र गरम न करता दोन ब्लेडांमध्ये धरून पाडा, मऊ पत्र्याची घडी गोलसर येते. आणि चिमट्याच्या टोकावर टेप लावा. फोटोएचचा तुकडा चिमट्यातून उडाला की तो परत मिळेलच असं नाही.

गुंजन

माझ्या खोलीच्या फरशीवर आता बहुधा एका अख्ख्या तुकडीची हत्यारं पडलेली असतील.

जाळीदार

आभार! आजच करून बघतो. झडप उघडी ठेवावी की बंद?

टोकदार

एक उघडी, एक बंद. दोन्ही बंद ठेवल्या तर आतली २० मिलिमीटरची तोफ जाळीआड जाते आणि दोन्ही उघड्या ठेवल्या तर जाळीचं काम दिसत नाही.

कॅनव्हास

माझं प्रेम एम३ए१ वर आहे, व्हाईट स्काऊट कार. २०,९१८ गाड्या बनल्या आणि त्यातल्या तीन हजारांवर सोव्हिएत सैन्याला गेल्या. पुढे खड्ड्यातून निघायला रोलर, आत चहूबाजूंनी फिरणारा रूळ, त्यावर मशीनगन हव्या तिथे सरकवायची. मॉडेल म्हणून ही गाडी भरपूर देते: मागे सामान रचता येतं, माणसं बसवता येतात, कॅनव्हासचं छत गुंडाळून ठेवता येतं.

कॅनव्हास मी प्लास्टिकचा कधीच वापरत नाही. टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करायचा, पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवायचा, कमानींवर पसरायचा आणि ओला असतानाच ब्रशने घड्या बसवायच्या. सुकला की कडक होतो आणि रंग उत्तम धरतो. गुंडाळलेला कॅनव्हास हवा असेल तर एपॉक्सी पुट्टी. ती लाटताना खाली टाल्कम पावडर घाला म्हणजे चिकटत नाही.

या गाडीत एक गोष्ट हमखास चुकते. खऱ्या बाजूचा पत्रा पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. १/३५ ला ती जाडी ०.१८ मिलिमीटर होते. किटमधलं प्लास्टिक मिलिमीटरभर असतं, म्हणजे मॉडेलमध्ये ३५ मिलिमीटरचं चिलखत झालं! मी दारांच्या आणि झडपांच्या कडा आतल्या बाजूने तिरक्या घासतो. बाहेरून फक्त कड दिसते, ती धारदार दिसली की डोळा फसतो. डिंगोला एवढं करायला नको, तिचं पुढचं चिलखत ३० मिलिमीटर, म्हणजे मापात ०.८६, किटच्या प्लास्टिकच्या जवळपासच.

रानवाट

कॅनव्हास, कमाल! हा हिशोब कधी सुचलाच नव्हता. आता झडपा हातात घेऊन जाडी मोजत बसलोय.

नवखा_ब्रश

मी अगदीच नवा आहे. घरात १/७२ ची बी.आर.डी.एम.-२ ही सोव्हिएत टेहळणी गाडी आहे, एअरब्रश नाही. नुसत्या ब्रशने चांगलं रंगकाम होतं का?

तांबडमाती

होतं, आणि १/७२ मध्ये तर फारच छान होतं. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्या, दुधासारखा पातळ रंग करा, चपटा मऊ ब्रश वापरा. पहिला थर लागला की प्लास्टिक दिसत राहील, बघून घाबरू नका. पूर्ण सुकू द्या, मग दुसरा थर आडवा, तिसरा उभा. ओल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा थर उचलला जातो, ब्रशच्या रेघा त्यातूनच येतात. डब्यातला प्रायमर बाहेर मोकळ्या हवेत मारा, तोंडावर मास्क लावून.

लाटकरी

बी.आर.डी.एम. निघाली म्हणून आलो. ही पाण्यात चालणारी गाडी आहे हे विसरू नका. मागे पाण्याचा झोत सोडणारं यंत्र, पुढे लाट अडवायची झडप. आणि पोटाखाली चार छोटी चाकं, खंदक ओलांडताना खाली उतरणारी. मी १/३५ ची पाण्यात अर्धी बुडालेली केली. पुढची झडप उभी केली, गाडीभोवती पारदर्शक रेझिन थोडं थोडं ओतलं. एकदम ओतलं तर ते तापतं आणि प्लास्टिक वाकतं, म्हणून दोन-तीन मिलिमीटरचे थर, प्रत्येक थर पूर्ण घट्ट झाल्यावर पुढचा. मागे पाण्याचा खळाळ कापूस आणि जेल वापरून केला. नवखा_ब्रश, तुमच्या गाडीला तळाची चाकं वर घेतलेलीच ठेवा, मोकळ्या रस्त्यावर तशीच असतात.

जुनाडबा

टायरची एक गोष्ट राहून गेली. जुन्या किटांमध्ये काही वेळा टायर मऊ काळ्या व्हिनाईलचे असतात. मी एका टेहळणी गाडीला ते तसेच बसवले. दोनेक वर्षांनी कपाटातून काढली तर रिम टायरच्या आत लोण्यासारखे मऊ झालेले, बोट लावलं तर प्लास्टिक सुतासारखं ओढलं जात होतं. व्हिनाईल मऊ ठेवणारं द्रव्य झिरपतं आणि पॉलिस्टायरीन खातं. आतून हाताने रंगवलेली, डिकल (पाण्याने चिकटवायची चिन्हं) लावलेली गाडी चाकांवरून खाली बसली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून असे टायर दिसले की रिमला आधी प्रायमर आणि वार्निश, किंवा सरळ रेझिनची चाकं. रेझिन घासताना पाणी लावूनच घासा, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट.

मृण्मयी

अरेरे. वाचूनच कपाट उघडून बघितलं. माझी सुखरूप आहेत.

टोकदार

आता खरवड्यांवर कुणीतरी बोला. हल्ली जी ती गाडी समुद्रातून काढल्यासारखी गंजवलेली दिसते. मला ते पटत नाही.

खाकी

मलाही नाही. लढाईच्या काळातल्या छायाचित्रांत या गाड्यांवर धूळ आणि चिखल भरपूर दिसतो, नारिंगी गंज क्वचित. गंजायला गाडीला तेवढं आयुष्य मिळायला हवं. गंज सायलेन्सरवर दाखवा, तो तापतो आणि त्याचा रंग जळतो. बाकी ठिकाणी रंग उडाला तर आतून प्रायमर दिसतो किंवा गडद तपकिरी पोलाद.

कॅनव्हास

थोडी वेगळी बाजू मांडते. चिपिंग, म्हणजे रंग उडालेला दाखवणं, हा रंगकामाचा एक आनंद आहे आणि तो नाकारू नये. हेअरस्प्रे मारून त्यावर ॲक्रिलिकचा थर द्यायचा, मग पाण्याने ओला करून ताठ ब्रशने घासायचं. रंग जसा उडतो त्यात एक जिवंतपणा असतो, तो हाताने ठिपके काढून येत नाही. फक्त जागा विचार करून निवडा. माणूस कुठे पाय देतो, कुठे हात धरतो, हत्यार कुठे आपटतं. डिंगोत माणसं वरून चढून आत उतरतात. तेव्हा वरची कड आणि चढताना पाय पडतो तो मडगार्ड झिजलेला हवा. पुढचा उतरता पत्रा, जिथे कुणी हात लावत नाही, तो स्वच्छ.

खाकी

कॅनव्हासताई, हे मात्र शंभर टक्के मान्य.

टोकदार

मान्य. ही अट असेल तर माझाही विरोध नाही.

वाळूचा_रंग

डिंगो वाळवंटातही होती, तिथला तिरप्या पट्ट्यांचा कॉन्टर रंगसाज करा ना! त्यातला निळा फार देखणा दिसतो.

खाकी

निळा नव्हता हो. त्यातले रंग पोर्टलंड स्टोन, सिल्व्हर ग्रे आणि स्लेट. सिल्व्हर ग्रे हा हिरवट छटेचा राखाडी. नंतरच्या काळात काही संग्रहालयांतल्या गाड्या निळ्या रंगवल्या गेल्या, त्यांचे फोटो पाहून किटवाल्यांनी आणि आपण सगळ्यांनी निळा उचलला.

वाळूचा_रंग

माझ्या तीन गाड्या निळ्या आहेत आणि त्या मला फार आवडतात.

खाकी

आवडू द्या की! कपाट तुमचं आहे. पण चौथी करताना हिरवट राखाडी एकदा मारून बघा, वाळूच्या बेसवर ठेवली की ती किती मिसळून जाते ते पाहा. रंगसाज त्यासाठीच होता.

गुंजन

अवांतर: हे १/३५ असं विचित्र माप आलं कुठून? १/३० नाही, १/४० नाही.

चिलखत७२

बॅटरीमुळे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्यात दोन बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून तो जेवढा करावा लागला तेवढा केला. नंतर मोजलं तर तो खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाइतका भरला. पुढची किटं त्याच मापात निघाली, बाकीचे मागोमाग आले.

रानवाट

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. गाडी जवळजवळ झाली.

मी स्प्रूवाला यांच्या पद्धतीने गेलो, मध्ये एका ठिकाणी टोकदार यांचं ऐकलं. टब, फरशी, कप्पे जोडून आत एस.सी.सी. १५ मारला, फिकट करून. सीटा वेगळ्या रंगवल्या. वॉश तपकिरी इनॅमलचा दिला, फक्त कोपऱ्यांत आणि रिव्हेटांच्या भोवती, व्हाईट स्पिरिटमध्ये भिजवलेल्या ब्रशने कडा पुसून घेतल्या. फरशीवर पिगमेंटची सुकी माती टाकली, बुटांनी आत आणली असेल तशी: ड्रायव्हरच्या पायांशी जास्त, वायरलेसखाली जवळजवळ नाहीच.

मग कवच बसवायला गेलो तर उजव्या बाजूला अर्धा मिलिमीटर फट. टेपने धरून बघितलं होतं तेव्हा नव्हती. तासभर शोधल्यावर कळलं की वायरलेसचा कंस रंगाच्या दोन थरांनी जाड होऊन कवचाला आतून अडतोय. कंसाचा वरचा काठ ब्लेडने खरवडला, कवच टक् करून बसलं. जोडाच्या कडांवरची टेप काढली होती, सिमेंट पट्कन शिरलं. त्या जोडाच्या बाहेरच्या बाजूला मात्र टोकदार म्हणाले तसंच केलं, सगळं जोडून झाल्यावर बाहेरचा रंग एकाच बैठकीत मारला, आतल्या बोळ्यासकट. बोळा ओला होता, चिमट्याने काढला, आत एक थेंबही गेला नव्हता.

चिलखतकाका, सीट तिरकीच निघाली. किटच्या नकाशात ती सरळ दिसते, पण फरशीवरच्या खुणा तिरक्या आहेत. तुम्ही लिहिलं नसतं तर मी खुणा घासून सरळ केली असती. ड्रायव्हरची मान कापून डाव्या खांद्याकडे वळवली, गळ्याशी पुट्टीचा मफलर केला. आता तो मागे बघतोय, हात स्टिअरिंगवर आहेत आणि कमांडर पुढे दुर्बीण लावून बसलाय. दोघं दोन दिशांना बघतायत. एवढा एक बदल केला आणि गाडी उभी असूनही आता मागे निघेल असं वाटतं. काल रात्री बराच वेळ मी नुसता ती बघत बसलो.

मृण्मयी

फोटो! फोटो!! फोटो!!!

स्प्रूवाला

कंसाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मी रंगाची जाडी सांगायला विसरलो होतो. आतल्या भागांना दोनच पातळ थर, आणि प्रत्येक थरानंतर पुन्हा एकदा सुकं बसवून बघायचं.

चिलखत७२

मान वळवलीत ते वाचून समाधान वाटलं. चाकांवर शिंतोडे दोन्हीकडे दिलेत का?

रानवाट

दिलेत काका. पुढच्या मडगार्डवर आधी फार झाले, ओल्या ब्रशने अर्धे पुसले. आता एकच राहिलं. ॲन्टेना किटमधली प्लास्टिकची लावू की स्प्रू (किटचे भाग ज्या काडीला जोडलेले येतात ती) ज्योतीवर ताणून?

चिलखत७२

ताणून. पण तिला सगळ्यात शेवटी लावा, गाडी कपाटात ठेवायच्या आदल्या क्षणी. मी आजवर बाहीत अडकवून मोडलेल्या ॲन्टेना सगळ्या आधी लावलेल्या होत्या.

रानवाट

ठीक. स्प्रू तापवायला घेतो. फोटो रात्री टाकतो.